आलो की आले? तुमचे अनुभव लिहा

विहिरीकाठी
काल साखरपुड्यात पंगत बसलेली. मावशीने विचारलं, "तुझी ती मैत्रीण नाही आली?" मी सवयीने म्हणालो, "ती कामात आहे." शेजारी सहा वर्षांची भाची, व्हिडिओ कॉलवर माझ्या जोडीदाराला पाहिलेली. म्हणाली, "मामा, ती नाही, तो!"

घास घशातच अडकला. नातेवाइकांत, ऑफिसात पंधरा वर्षं त्याला 'ती' म्हणत आलोय. मराठीत नुसतं नाव लपवून भागत नाही, क्रियापदही बदलावं लागतं. प्रत्येक वाक्य आधी मनात तपासायचं. रात्री जबडा दुखतो.

रात्री ६ सप्टेंबर २०१८ आठवला. समलैंगिक संबंध गुन्हा नाही, हा कलम ३७७ चा निकाल ऑफिसच्या जिन्यात उभं राहून वाचला, तिथेच रडलो. संध्याकाळी आईचा फोन. "टीव्हीवर बघितलं ते. जेवलास का?" एवढंच. पण त्यानंतर तिने एकही स्थळ आणलं नाही.

तुम्ही हे रोजचं कसं पेलता?

रांगडा गडी
कोल्हापुरात जन्मलो हे माझं नशीब. आमच्याकडं पोरीबी 'आलो, गेलो, जेवलो'च म्हणत्यात, बारावीपर्यंत कुणी टोकलं नाही. पुण्यात मुलींच्या होस्टेलवर पहिल्याच आठवड्यात रेक्टर म्हणाल्या, "आले म्हणावं." मग दोन वर्षं अशी वाक्यं शोधली ज्यात मीच नसेन. जेवण झालं. झोप लागली नाही. शेवटी बोलणंच कमी केलं.
जिल्हाधिकाऱ्यांचं ट्रान्सजेंडर ओळखीचं प्रमाणपत्र फार नंतर आलं. त्याआधी एकदा आबांनी लांबून हाक मारली, "अरे, मोटर बंद कर रे." बंद केली आणि बांधावर बसून राहिलो. अंधार पडेपर्यंत.

लोकलवाली
गडी, काटा आला अंगावर. माझं तसंच 'गं'चं. हार्बर लाइन, लेडीज डबा, पहिल्यांदा साडीत. सगळ्या बघतायत, मी दाराशी चिकटून. एका भाजीवाल्या मावशीने पाटी सरकवली, "बस गं, पडशील." वाशीपर्यंत सुनेची गाऱ्हाणी सांगितली मला. मी नुसतं हं हं. बाकीचं नंतर लिहिते, कुकर लावलाय.

सोनचाफा
मला २००९ मध्ये भावाने डॉक्टरकडे नेलं. "सहा महिन्यांत बरा करतो." गोळ्यांनी दिवसभर झोपून असायचो, वर्ष बुडालं. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्येच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली होती, आमच्या घरात कुणाला माहीत होतं? २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानेही असले 'बरे करण्याचे' उपचार म्हणजे डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन ठरवलंय. कुणाला घरचे नेत असतील तर हे वाचून दाखवा. प्लीज.

ऊसवाला
गडी, मोटर कितीची? आमची ५ एचपीची, या आठवड्यात रात्रीची लाइट. आत्ता पाणी पाजतच वाचतोय. आबांना नमस्कार सांगा.

रांगडा गडी
साडेसातची. सांगतो. जपून, साप असत्यात रात्री.

जाईची वेल
मी आई आहे, लिहू का इथे? मुलाने दिवाळीत सांगितलं. मी काहीच बोलले नाही, नुसत्या चकल्या तळत राहिले. तो समजला मी रागावले. रागावले नव्हते हो, हात थांबले असते तर रडू आलं असतं. अजून नीट बोलणं नाही झालं.

विहिरीकाठी
काकू, आजच फोन करा. काय बोलायचं ते ठरवू नका.

पाऊलखुणा
१९ वय. कसं लिहायचं कळत नाहीये, क्रियापद अजून ठरत नाही. घरी सगळे झोपलेत. तीन दिवस झोप नाही.

लोकलवाली
बाळा, न ठरवता लिही. आणि १४४१६ लाव, टेली-मानस, फुकट आहे, रात्रीपण उचलतात, मराठीत बोलता येतं. फोनवर बोलायला भीती वाटली तर आधी मला मेसेज कर. मी जागी आहे.

ऊसवाला
मीपण. पहाटे चारपर्यंत पाणी आहे.