'डिप्रेस्टन'नंतर कोर्टनी बार्नेट संपली का?

रिकामटेकडा सदू
काल रात्री दीड वाजता परत एकदा 'डिप्रेस्टन' हे गाणं ऐकलं आणि झोप गेली, म्हणून हा धागा. ज्यांना बाई माहीत नाहीत त्यांच्यासाठी भराभर: कोर्टनी बार्नेट, ऑस्ट्रेलियन, जन्म १९८७ चा सिडनीचा, सोळाव्या वर्षी घरच्यांबरोबर टास्मानियात होबार्टला, तिथे आर्ट कॉलेज अर्धवट सोडलं, पिझ्झा पोचवले, मग मेलबर्नला येऊन बारमध्ये नोकरी आणि उरलेल्या वेळात गाणी. २०१२ मध्ये आजीकडून उसने पैसे घेऊन मिल्क रेकॉर्ड्स नावाचं स्वतःचं लेबल (रेकॉर्ड काढणारी कंपनी) काढलं. २०१५ ला पहिला पूर्ण अल्बम, त्याचं नाव एवढं लांब आहे की टाइप करताना चहा गार होतो (समटाइम्स आय सिट अँड थिंक, अँड समटाइम्स आय जस्ट सिट), त्यावर चार आरिया अवॉर्ड (ऑस्ट्रेलियाचे मोठे संगीत पुरस्कार), त्यातलं एक कव्हरच्या चित्राला, तेही हिनेच काढलेलं. २०१६ ला ग्रॅमीत नवीन कलाकारांमध्ये नॉमिनेशन.

आता मुद्दा. 'डिप्रेस्टन'मध्ये होतं काय, तर एक जोडपं घर बघायला जातं. बास. शहरात परवडत नाही म्हणून मेलबर्नच्या प्रेस्टन उपनगरात, जुना बंगला, दोन गाड्यांचं गॅरेज, बाग. मालक वारलेत म्हणून विकायला काढलंय. आणि मग हिला बाथरूममध्ये आधाराला लावलेला दांडा दिसतो, स्वयंपाकघरात कॉफी, चहा, मैद्याचे डबे दिसतात, आणि व्हिएतनाममध्ये गाडीत बसलेल्या एका तरुण पोराचा फोटो. त्यानंतर तिला लाद्या-फरशा काही सुचत नाही. एजंट मात्र म्हणतो, वरचे पाच लाख डॉलर असतील तर पाडून नवं बांधा की. आणि गाणं संपेपर्यंत हीच एक ओळ ती परत परत म्हणत राहते. एक शब्द रडका नाही हो. पण मला आमच्या आजोबांच्या खोलीतली भिंतीला ठोकलेली दोरी आठवली, जी ते गेल्यावर सहा महिने कोणी काढली नव्हती.

तर माझं म्हणणं असं की हे जे डबे बघायचं कसब आहे ते प्रसिद्धी मिळाल्यावर गेलं. २०१८ चा अल्बम घ्या नाहीतर २०२१ चा, सगळं मला कसं वाटतं, मला काय होतंय. विमानतळ आणि हॉटेल बघणाऱ्या माणसाला डबे कुठून दिसणार? मतं येऊ द्या, शिव्या पण चालतील.

खर्ज
सदूभाऊ तुमच्या आग्रहाखातर दोन गाणी ऐकली. संपायला आधी सुरू तर व्हायला पाहिजे ना? बाई गात कुठे आहेत, बोलतायत. मागे गिटार वाजतंय आणि पुढे कोणीतरी फोनवर घरचा वृत्तांत सांगतंय. यालाच गाणं म्हणायचं तर आमच्या हिने मला दिलेली वाण्याची यादी पण रेकॉर्ड करतो, आरिया वगैरे काय असेल ते मिळून जाईल.

रिकामटेकडा सदू
खर्जराव, वाण्याची यादी त्याच चालीत म्हणून दाखवा मग बोलू. अहो आपल्याकडे पोवाड्यात शाहीर मधेच गद्यात शिरतो तेव्हा तुम्ही उठून जाता का? सपाट आवाजात म्हणते म्हणूनच तो एजंट खरा वाटतो. ताना घेतल्या असत्या तर त्याच गाण्याची माती झाली असती.

८६ नंबरची ट्राम
मेलबर्नमध्ये चौदा वर्षं काढलीयत म्हणून लिहितो, एरवी वाचनमात्र असतो. ती ज्या बारमध्ये कामाला होती तो नॉर्थकोट सोशल क्लब हाय स्ट्रीटवर आहे आणि तिथूनच ही ट्राम पुढे प्रेस्टनला जाते. म्हणजे गाण्यातला प्रवास फार लांबचा नाहीये, नोकरीच्या जागेपासून त्याच रस्त्याने थोडं वर. पूर्वी इटालियन, ग्रीक कामगारांची वस्ती, त्यांनी घामाने घेतलेली घरं, म्हातारे गेले की लिलाव. आणि लिलावाला उभं कोण, तर हातात कॉफी घेतलेली गिटारवाली पोरं आणि आमच्यासारखे आयटीवाले. मी स्वतः तसल्या एका घरात डबे सोडा, म्हातारीच्या हातची टोमॅटोची रोपं बघून आलोय, आणि बोली पण लावली होती (हरलो). म्हणून मला हे गाणं गोड वगैरे वाटत नाही. घर बघायला आलेली हीच आहे ना? वाईट वाटून घेणारी आणि विकत घेणारी एकच. ते कसब म्हणून डोक्यावर घेताय पण त्यात थोडा अपराध आहे तो कोणी बोलत नाही.

बाय द वे, समोरची खोली उत्तरेला की दक्षिणेला असं त्यात येतं ते वास्तुशास्त्र नाही. इकडे ऊन उत्तरेकडून येतं, दक्षिणेकडची खोली हिवाळ्यात नुसती फ्रीज.

चिमटा
+१ ट्रामवाले. पण अपराध आहे हे तिलाच कळलंय म्हणून तर ती गप्प होते ना गाण्यात? एजंटच बोलत राहतो फक्त.

डावखुरी
सदूदादा, धाग्याचं नावच चुकलंय आणि मी आता जरा तावातावाने लिहिणार आहे, माफी. (मी पण डावरी, ती पण डावरी, आणि ती प्लेक्ट्रम (तारा छेडायची पट्टी) न घेता बोटांनी वाजवते म्हणून तो खरखरीत आवाज येतो, हे आधी सांगून टाकते म्हणजे पक्षपात उघड झाला.)

२०१८ च्या अल्बमात डबे नाहीत म्हणता? 'नेमलेस, फेसलेस' ऐकलंय का नीट? एक बाई रात्री बागेतून चालत घरी जातेय आणि तिने किल्ल्या बोटांच्या फटीत धरल्यायत. त्या धरायच्या कशा हे जगातल्या कुठल्याही पोरीला सांगावं लागत नाही, मी स्वतः पुण्यात क्लासवरून येताना अकरावीपासून धरतेय. त्याच गाण्यात कॅनडाची लेखिका मार्गारेट अ‍ॅटवुडच्या नावाने फिरणारं ते वाक्य येतं, पुरुषांना भीती बायका हसतील याची, बायकांना भीती पुरुष जीव घेतील याची. आणि हे गाणं कोणावर, तर नेटवर नाव लपवून हिला 'तुझ्यापेक्षा बरं मी लिहीन' असं सुनावणाऱ्यांवर. म्हणजे काय बघितलं पाहिजे हे तिला बरोबर कळत होतं, फक्त त्यात तुम्हाला तुमचे आजोबा सापडले नाहीत.

दुसरं म्हणजे दौऱ्यांबद्दल. 'अ‍ॅनॉनिमस क्लब' नावाची डॉक्युमेंटरी आहे, त्यात दिग्दर्शकाने तिला एक रेकॉर्डर देऊन ठेवला आणि तीन वर्षं ती त्यात बोलत होती. स्टेजवर जाऊन हजारो लोकांसमोर गाणारी बाई हॉटेलच्या खोलीत, याला काही अर्थ आहे का, अशा स्वरात बोलते. ज्याला तुम्ही मला-काय-होतंय म्हणता ते तिला खरंच होत होतं. गरीब असताना दम्याचा झटका आला त्यावर गाणं केलं तर ते कसब, आणि पैसे आल्यावर मन बिघडलं त्यावर गाणं केलं तर रडगाणं, हा कुठला न्याय?

खर्ज
दम्याचं पण गाणं आहे?? धन्य.

८६ नंबरची ट्राम
आहे हो, 'अव्हां गार्डनर', २०१३ चं. त्यानेच ती बाहेरच्या देशांत पोचली. भर उन्हात, सोमवारी, मोठ्या उत्साहाने तण उपटायला बाहेर पडते आणि श्वास अडकतो. अ‍ॅम्ब्युलन्समधली बाई हिला हुशार समजते कारण ही गिटार वाजवते, आणि ही तिला हुशार समजते कारण ती माणसं मरू देत नाही. आणि त्यातही काळजी कसली, तर म्हातारी होईपर्यंत हॉस्पिटलचं देणं फेडण्यापेक्षा मेलेलं बरं. बाहेरच्यांना तो विनोद वाटतो. इथे मेडिकेअरमध्ये, म्हणजे सरकारी आरोग्य विम्यात, अ‍ॅम्ब्युलन्स धरलेली नसते, व्हिक्टोरियात, म्हणजे मेलबर्नच्या राज्यात, तिची वेगळी मेंबरशिप काढून ठेवतात, नसेल तर नंतर पोस्टाने बिल येतं. मी पहिल्या आठवड्यात काढली होती.

पैपैचा हिशेब
गाणी राहू द्या बाजूला, मला राग लेबलचा आहे. मिल्क म्हणजे नुसतं हिचं दुकान नव्हतं, तेव्हाची जोडीदार आणि गायिका जेन क्लोहरबरोबर दोघींनी ते वाढवलं, मित्रमंडळींचे रेकॉर्ड काढले. मग जोडी फुटली, ही अमेरिकेत गेली आणि २०२३ संपता संपता लेबल बंद. शेवटचा रेकॉर्ड कोणता, तर हिचाच 'एंड ऑफ द डे', तोही बिनशब्दांचा, त्याच डॉक्युमेंटरीचं संगीत. शब्दांवर जगलेल्या बाईने शेवटी शब्दच काढून टाकले. सदूच्या बाजूने मत.

डावखुरी
अकरा वर्षं चालवलं हो! भाड्याच्या घरातून, स्वतः चित्रं काढून सुरू केलेलं लेबल अकरा वर्षं चालणं म्हणजे काय ते एकदा चालवून बघा. आपल्याकडे दिवाळी अंक तिसऱ्या वर्षी बंद पडतो तेव्हा संपादकाचे सत्कार होतात. बिनशब्दांचा अल्बम मला पण कंटाळवाणा वाटला, ते कबूल. पण २०२१ च्या अल्बमची सुरुवात 'रे स्ट्रीट'ने होते, खिडकीत बसून सकाळची गल्ली बघणं, बाकी काही नाही. ड्रमर स्टेला मोझगावाबरोबर केलाय तो, ड्रम मशीनवर, हळू आवाजात. सदूदादा, हे ऐकून सांगा डबे दिसतात का.

रिकामटेकडा सदू
आत्ता ऐकलं, दोनदा. किल्ल्यांचं मान्य, ते मी ऐकूनही ऐकलं नव्हतं, पुरुष आहे म्हणून असेल. 'रे स्ट्रीट' मात्र खिडकीतूनच राहिलं असं वाटतं. 'डिप्रेस्टन'मध्ये ती दुसऱ्याच्या घरात शिरली होती, कपाटापर्यंत गेली होती. इथे पडदा बाजूला करून बघतेय. बरं आहे, सुंदर पण आहे. पण मला आत नेत नाही. धाग्यातला 'संपली' हा शब्द मागे घेतो, प्रश्न नाही घेत.

८६ नंबरची ट्राम
खिडकीतून बघणारी निदान कोणाचं घर तरी घेत नाही.

रिकामटेकडा सदू
हा टोला बसला.

खर्ज
एक विचारायचं होतं. आज ऑफिसवरून येताना गाडीत ते घराचं गाणं परत लावलं, मुद्दाम नाही, आपोआप लागलं. तो फोटोतला पोरगा, व्हिएतनामवाला, त्याचं नाव वगैरे सांगते का ती कुठे? माझं स्टेशन आलं मधेच.

डावखुरी
नाही सांगत.

खर्ज
बरं. गात नाही म्हणजे नाहीच पण.