कमी वाद्यं म्हणजे जास्त खरं गाणं? पिंक मून, नेब्रास्का आणि बाकीचे

रात्रीचा_श्रोता
गेले दोन आठवडे इंग्लिश गायक-गिटारवादक निक ड्रेकचे तिन्ही अल्बम आलटून पालटून ऐकतोय आणि आता माझं मत पक्कं झालंय, १९७२चा पिंक मून हाच त्याचा खरा अल्बम. आधीचे दोन चांगलेच आहेत पण त्यात गाण्यांवर झूल चढवलीये. पिंक मूनमध्ये काय आहे तर एक माणूस, एक गिटार आणि पहिल्या गाण्यात मध्येच येणारे पियानोचे मोजके सूर, बास. अकरा गाणी, साधारण अठ्ठावीस मिनिटं. हेडफोन लावून ऐका, तारेवरून बोट सरकल्याचा आवाज पण येतो, आणि तो पियानो आला की अंगावर काटा येतो कारण अख्ख्या अल्बममध्ये दुसरं वाद्य तेवढंच आहे. अमेरिकन रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनचा नेब्रास्का (१९८२) पण त्याच जातीचा, घरी चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर डेमो, म्हणजे कच्चा नमुना, म्हणून टेप केलेली गाणी, मग बँड घेऊन करून बघितली, मनासारखी होईनात, शेवटी कॅसेटच अल्बम म्हणून काढली. अख्खा बँड हाताशी असताना कॅसेट जिंकली! गाण्याला जेवढं कमी लावाल तेवढं ते जवळ येतं असं माझं म्हणणं. पटत नसेल तर भांडा, पण आधी ऐका.

व्हायोलावाली
झूल हा शब्द फार लागला हो मला. पहिल्या अल्बममधलं, म्हणजे फाइव्ह लीव्ह्ज लेफ्टमधलं (१९६९) रिव्हर मॅन घ्या. पाच मात्रांचं गाणं आहे ते, गिटार एकटी पाचात फिरत राहते आणि मग मागून स्ट्रिंग्ज, म्हणजे व्हायोलिनच्या जातीची वाद्यं, इतक्या हळू येतात की कधी आल्या ते कळतच नाही, आणि एकदा आल्या की गिटारचा तो ठेका पाण्यावर तरंगल्यासारखा वाटायला लागतो. त्या काढून टाका, नदीच आटली की मग. रॉबर्ट कर्बीने ज्या जिव्हाळ्याने त्या लिहिल्यात त्याला झूल म्हणणं म्हणजे अन्याय आहे. आणि दुसऱ्या अल्बममधलं फ्लाय? तिथे जॉन केलचा व्हायोला (व्हायोलिनचा जरा मोठा, खालच्या सुराचा भाऊ) आहे आणि हार्प्सिकॉर्ड, म्हणजे पियानोसारखं जुनं वाद्य, पण त्याचंच. आवाज विनवणी करतोय आणि व्हायोला त्याच्या शेजारी बसून ऐकून घेतोय असं वाटतं मला दर वेळी. एकटेपणा दाखवायला माणूस एकटाच वाजवत बसला पाहिजे असं कुठे लिहिलंय?

सुई_खाली
ताई, मुद्दा शंभर टक्के मान्य, फक्त एक दुरुस्ती, रिव्हर मॅनच्या स्ट्रिंग्ज कर्बीच्या नाहीत, हॅरी रॉबिन्सनच्या आहेत. कर्बीचं काम बघायचं तर त्याच अल्बममधलं वे टू ब्लू, तिथे गिटारच नाहीये, नुसता आवाज आणि स्ट्रिंग्ज.

आता धागाकर्त्यांना. पिंक मून आणि नेब्रास्का एका दावणीला बांधू नका प्लीज. पिंक मून लंडनच्या साउंड टेक्निक्समध्ये, चांगल्या स्टुडिओत, जॉन वुडसारख्या इंजिनिअरने ऑक्टोबर १९७१मध्ये दोन रात्रीत रेकॉर्ड केलाय. तुम्हाला बोट सरकल्याचा आवाज येतो तो काम साधं होतं म्हणून नाही, माइक नीट लावला होता म्हणून येतो. आणि नेब्रास्कातला तो रिकाम्या हायवेवरचा एकांत? तो इको मशीनमधून काढलाय, टेप मिक्स करताना इकोप्लेक्स लावला होता. म्हणजे तिथेही गाण्याला "लावलं" आहेच.

रात्रीचा_श्रोता
इकोचं मान्य. पण एक इको लावणं आणि समोर दहा माणसं बसवणं यात फरक आहे की नाही? नेब्रास्कातलं स्टेट ट्रूपर ऐका. गिटार एकाच जागी घुमतेय, गाडीचं इंजिन चालू ठेवल्यासारखी, आवाज जवळपास पुटपुटल्यासारखा, काहीच होत नाही काहीच होत नाही आणि शेवटाकडे हा माणूस एकदम किंचाळतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी दचकून हेडफोन काढले होते. तिथे ड्रम असता तर ड्रमने आधीच चाहूल दिली असती, ती किंकाळी मग नेहमीची रॉक किंकाळी झाली असती.

चौथा_ट्रॅक
मला वाटतं आपण सगळे गाण्यापेक्षा गोष्ट ऐकतोय. बॉन इव्हेर या अमेरिकन इंडी बँडचा फॉर एमा, फॉरएव्हर अगो हा अल्बम घ्या, कोणीही शिफारस करताना पहिलं वाक्य काय सांगतं? विस्कॉन्सिनच्या जंगलातलं वडिलांचं केबिन, हिवाळा, एकटा माणूस. अहो पण अल्बम नीट ऐका, त्यात आवाजावर आवाज, त्यावर आणखी आवाज असे थर चढवलेत, एकट्याने अख्खा कोरस उभा केलाय. साधेपणाचं उदाहरण नाहीच ते, चिकाटीने केलेलं बांधकाम आहे. अल्बम मला जीव की प्राण आहे म्हणून सांगतोय, त्याला केबिनच्या आत कोंडून ठेवू नका.

आणि गोष्टच मोजायची तर फेअरपोर्ट कन्व्हेन्शन या इंग्लिश बँडचा लीज अँड लीफ हा अल्बम घ्या ना. मे १९६९मध्ये बँडच्या व्हॅनला अपघात झाला, ड्रमर मार्टिन लँबल गेला, फक्त १९ वर्षांचा होता. त्याच वर्षी नवीन ड्रमर, डेव्ह स्वॉरब्रिकचं फिडल (लोकसंगीतातलं व्हायोलिन), सँडी डेनीचा आवाज घेऊन ही मंडळी इंग्लंडची जुनी लोकगीतं इलेक्ट्रिक करतात. मॅटी ग्रोव्हज हे कित्येक शतकं लोकांच्या तोंडी असलेलं खुनाचं गाणं, डेनी ते सगळं न रडता सांगते आणि तिचं सांगून संपलं की फिडल आणि गिटार सुटतात ते शेवटपर्यंत थांबत नाहीत. फोक, म्हणजे लोकसंगीत, म्हणजे एकटा माणूस आणि गिटार हे समीकरण इथेच मोडतं. हे गाणं नुसत्या गिटारवर जवळ आलं असतं म्हणता? मला तर ते ड्रममुळेच आज घडल्यासारखं वाटतं.

फक्त_ऐकते
मी फॉर एमा ऐकला तेव्हा मला केबिन बिबिन काही माहीत नव्हतं, तरी पहिल्याच गाण्याला रडले. त्यामुळे सगळे गोष्टच ऐकतात हे काही पटलं नाही.

सुई_खाली
इंडीतलं, म्हणजे मोठ्या कंपन्यांबाहेरच्या संगीतातलं, एक उदाहरण राहिलं, न्यूट्रल मिल्क हॉटेल या बँडचा इन द एअरोप्लेन ओव्हर द सी (१९९८). टू-हेडेड बॉयमध्ये बँडचा गायक जेफ मँगम एकटाच आहे, गिटार आणि घसा, इतका जोर लावून गातो की आवाज फाटतो. आणि ते संपतं न संपतं तोच द फूल चालू होतं, ट्रंपेटसारख्या पितळी वाद्यांचा लडखडणारा मार्च, शब्दच नाहीत. माझ्यासाठी अख्ख्या अल्बमचा जीव त्या जोडावर आहे. एकटा माणूस ओरडून थकला आणि बाहेरून वरात की अंत्ययात्रा काहीतरी गेली. नुसतं पहिलं ठेवा, नुसतं दुसरं ठेवा, दोन्ही अर्धी होतात. कमी की जास्त हा प्रश्न एका गाण्यापुरता विचारूच नये, आधी काय होतं आणि नंतर काय येतंय ते बघावं.

व्हायोलावाली
आणि स्प्रिंगस्टीनचं बॉर्न इन द यूएसए विसरलात का? त्याच नेब्रास्काच्या कॅसेटवर ते गाणं पहिल्यांदा टेप झालं होतं, पुढे १९९८च्या ट्रॅक्स संचात ते रूप बाहेर आलं. गंभीर आहे, छान आहे, पण १९८४चं जे आहे त्यात तो सिंथेसायझर आणि ड्रमचा घण पडतो तेव्हाच कळतं की हा युद्धावरून परतलेला माणूस कोणीतरी ऐकावं म्हणून ओरडतोय.

रात्रीचा_श्रोता
इथे मात्र मी उलट म्हणेन. त्या घणाखाली कडवी दबली आणि लोक नुसतं धृपद मुठी वळून गात बसले, देशभक्तीचं गाणं समजून. कॅसेटवरच्या रूपाबद्दल असा गैरसमज कोणाचा होणं शक्यच नाही, तिथे एकेक शब्द कानात पडतो.

बाकी काल रात्री तुमच्या सांगण्यावरून फ्लाय परत ऐकलं, लागोपाठ चार वेळा. व्हायोलाबद्दलचे माझे शब्द मागे घेतो, तो झूल नाही. पण त्याच अल्बममधल्या अ‍ॅट द चाइम ऑफ अ सिटी क्लॉकमधला सॅक्सोफोन मला अजूनही नको.

व्हायोलावाली
सॅक्सोफोनला हात लावू नका. आवाज आहे घरातल्या माणसाचा आणि सॅक्सोफोन आहे खिडकीबाहेरचं शहर, तो नसेल तर हा माणूस नक्की कशापासून लपतोय? आज परत ऐका आणि उद्या सांगा.

रात्रीचा_श्रोता
ऐकतो. पिंक मूनवरून मात्र हलणार नाही.