दुसऱ्या राज्यात वाईन पाठवताना कर आणि परमिटांचा मेळ कसा ठेवता?

दिंडोरीचा मळा:
नमस्कार मंडळी. दिंडोरी तालुक्यात आमची छोटी वायनरी आहे. द्राक्षं आणि टाक्या बाबांकडे, कागदपत्रं गेल्या वर्षीपासून माझ्याकडे. नाशिक, पुणे, मुंबईपर्यंत निभत होतं. मे महिन्यात पहिल्यांदाच बंगळुरूला साठ पेट्या पाठवल्या आणि तोंडघशी पडले.

कराडच्या अलीकडे गाडीचा ॲक्सल तुटला. दुरुस्तीत दोन दिवस गेले. परमिटची मुदत शनिवारी संपली आणि गाडी गोदामाच्या दारात पोचली सोमवारी. माल उतरवून घेईनात. परत आणू म्हटलं तर परत आणायलाही परवानगी लागते म्हणे! मुदतवाढ मिळेपर्यंत शेनिन ब्लांक (आमची पांढरी वाईन) चार दिवस ताडपत्रीखाली उकडत होती, खोळंब्याचे पैसे ट्रकवाल्याने लावले ते वेगळेच. बाबा काही बोलले नाहीत. नुसते सुस्कारे टाकतात, तेही जेवताना.

आता गोवा आणि दिल्लीहून विचारणा आहे. प्रत्येक राज्याची तऱ्हा निराळी, त्यात दरवर्षी बदल. तुम्ही हे सगळं सांभाळता कसं? आणि टेस्टिंग रूमला वाईन चाखायला आलेली बंगळुरूची मंडळी "कुरिअरने घरी पाठवा ना" म्हणतात, त्यांना काय सांगू?

जुना डिस्पॅचवाला:
ताई, कुरिअरला सरळ नाही म्हणा. गोड बोलून म्हणा, पण नाहीच म्हणा. स्वतः नेत असतील तर बिल जपून ठेवायला सांगा. विमानाच्या चेक-इन बॅगेत २४ टक्क्यांपर्यंतच्या अल्कोहोलला लिटरचं बंधन नसतं, पण उतरले की त्यांच्या राज्याची मर्यादा लागतेच.

आता तुमच्या साठ पेट्या. अठरा वर्षं नाशिकच्या आसपास हेच काम केलं, म्हणून स्पष्ट बोलतो. दोष ॲक्सलचा नाही. तुम्ही नाशिकहून बंगळुरूकडे मोजत गेलात. मोजायचं उलटं. आधी तिथे लेबल मंजूर झालेलं हवं. मग तिथल्या खरेदीदाराची ऑर्डर आणि त्यांचं आयात परमिट. त्याच्या आधारावर आपल्याकडचं निर्यात परमिट आणि टीपी, म्हणजे वाहतूक पास. गाडी सगळ्यात शेवटी, पण ठरवून ठेवलेली. परमिट आल्यावर गाडी शोधण्यात तीन दिवस घालवणारे मी ढिगाने पाहिलेत. मुदत तुमच्या गाडीची वाट बघत नाही.

गाडी बिघडलीच तर त्याच तासाला जवळच्या एक्साईज ऑफिसला लेखी कळवा. फोटो, गॅरेजचं बिल, सगळं जोडा. माल दुसऱ्या गाडीत हलवायचा तर त्यांना विचारल्याशिवाय हात लावू नका, कारण कागदावर गाडीचा नंबर असतो आणि गाडीला सील.

मार्गही कागदावर असतो. दिल्लीला जाताना ड्रायव्हर गुजरातमधून घुसायला बघेल. कानाला धरून आग्रा रोडला लावा: धुळे, शिरपूर, सेंधवा, इंदूर. गुजरातेत राज्य झाल्यापासून, म्हणजे १९६० पासून दारूबंदी आहे. तिथे पेट्या सापडल्या तर "आम्ही फक्त जात होतो" हे पटवायला वकील लागतो.

माल पोचला की ईव्हीसी, म्हणजे तिकडच्या अधिकाऱ्याचा पोच दाखला, मागून घ्या. हक्काने मागा, रोज मागा. तो आला नाही तर माल राज्याबाहेर गेला हे आपल्या साहेबांना कशावरून पटणार?

आणि एक गोष्ट तुम्हाला बहुतेक कुणी सांगितली नसेल. आपलं एक्साईज वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च. कर्नाटकचं १ जुलै ते ३० जून! मे महिन्यात पाठवलेल्या मालाच्या लेबलचं नूतनीकरण तिकडे महिन्याभरात आलं. मी भिंतीवर कॅलेंडर लावून राज्यागणिक वेगळ्या रंगाचं पेन वापरायचो. लेबल, लायसन, बँक गॅरंटी, सगळं त्यावर. निवडणुकाही. मतदान संपण्याआधीचे ४८ तास त्या भागात विक्री बंद, आणि नाक्यावरची तपासणी त्याच्या कितीतरी आधीपासून.

दिल्ली सध्या सोडा, असं माझं मत. नियमांची घडी तिथे फार वेळा मोडते. २०२१ चं नवं धोरण १ सप्टेंबर २०२२ ला गुंडाळून परत जुन्यावर आले. मोठ्या कंपन्या असे धक्के पचवतात, साठ पेट्यांची वायनरी नाही.

करसल्ला, नाशिकरोड:
डिस्पॅचवाल्यांनी रस्ता सांगितला, मी वही सांगतो. पिण्याचं मद्य जीएसटीच्या बाहेर आहे, त्यामुळे वाईनला ई-वे बिल, म्हणजे जीएसटीतल्या मालासोबतचा वाहतुकीचा कागद, लागत नाही. पण बाटली, बूच, लेबल, खोका यांवरचा जीएसटी तुम्ही भरता आणि त्याचा परतावा मिळत नाही. तो किमतीत धरलाय का? बहुतेक छोटे लोक धरत नाहीत.

दुसऱ्या राज्यात विक्री केली की केंद्रीय विक्रीकर अजून जिवंत आहे. खरेदीदाराने सी फॉर्म, म्हणजे सवलतीच्या दरासाठीचं त्याचं प्रमाणपत्र, दिला तर २ टक्के, नाहीतर आपल्याकडचा स्थानिक दर. सी फॉर्म तिमाहीचा असतो. माल विकून मोकळे झालेले लोक वर्षभर तो पाठवत नाहीत. दुसऱ्या ऑर्डरचा माल निघण्याआधी पहिल्याचा फॉर्म, ही अट पत्रातच घाला. माल स्वतःच्याच डेपोत नेला तर ती विक्री नव्हे, तिथे एफ फॉर्म, म्हणजे माल विकला नाही, नुसता हलवला याचा दाखला.

सगळ्यात मजा म्हणजे हे सगळं आपण करतो ते १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली. नावच दारूबंदी!

सोनोमाकर:
इथे कॅलिफोर्नियात वायनरीतच कंप्लायन्स, म्हणजे परमिटं आणि नियमांचं काम, बघते. इथे ग्राहकाच्या घरी पेटी जाते, पण सुख नाही. प्रत्येक राज्याचं परमिट वेगळं, विवरणपत्र वेगळं. न्यूयॉर्कला एका माणसाला वर्षाला ३६ पेट्यांपर्यंतच. युटाला घरपोच पाठवताच येत नाही. सरकारी टपालाने दारू नेणं बेकायदा, खासगी कुरिअरवाल्याने दारात २१ वर्षांवरच्या माणसाची सही घ्यायची. दुपारी घरी कुणी नसतं, पेटी तीन चकरा मारून परत येते. दिंडोरीच्या ताई, ताडपत्रीखालची शेनिन ब्लांक मी चांगलीच समजू शकते.

दिंडोरीचा मळा:
सगळ्यांचे आभार. ३० जूनचं खरंच कुणी बोललं नव्हतं, आज सकाळीच बंगळुरूला फोन केला. त्यांचा सी फॉर्मही आलेला नाही, ईव्हीसीही नाही. दिल्लीला नाही कळवलं, बाबांना बरंच वाटलं. गोव्याचा अर्ज आधी लेबलचाच. डिस्पॅचवाले काका, एक राहिलं: गोव्याला निघालेली गाडी आंबोलीने नेऊ की चोर्ल्याने?

जुना डिस्पॅचवाला:
परमिटवर लिहाल त्याने. आणि लिहिण्याआधी ड्रायव्हरला विचारा, घाट त्याला उतरायचाय.