२,००० रुपये कमी भरले, व्याज २,३२७! हिशेब कोणी समजावेल का?

नमस्कार मंडळी,

पाच वर्षं क्रेडिट कार्ड वापरतोय, पण व्याज कधी भरलं नव्हतं. बिल आलं की पूर्ण भरून मोकळा. या वेळी पाय घसरला.

१५ मेला फ्रिज घेतला, ३६,०००. २ जूनला किराणा आणि आईची औषधं, ६,०००. (आकडे सोयीसाठी गोल केलेत.) १२ जूनला ४२,००० चं बिल आलं, शेवटची तारीख १ जुलै. नेमके त्याच आठवड्यात स्कूलबसचे पैसे गेले, म्हणून १ जुलैला ४०,००० च भरले. म्हटलं, राहिलेल्या २,००० वर महिना पावणेचार टक्क्यांनी ७५ रुपये पडतील, देऊन टाकू.

१२ जुलैच्या बिलात फायनान्स चार्जेस २,३२७.६७ आणि वर जीएसटी ४१८.९८! सावकारही लाजेल. कस्टमर केअरला दोनदा फोन केला. "सर, ते सिस्टम जनरेटेड असतं," यापुढे गाडी सरकेना.

हे आलं कुठून? आणि त्याच बँकेत माझ्या भावाच्या कार्डाचा दर बराच कमी कसा? शिवाय काल याच कार्डावर ८०० चं पेट्रोल भरलंय, त्यालाही व्याज लागणार का? जाणकारांनी कृपया सांगा.

प्रतिसाद १

दुर्दैवाने बँकेचा हिशेब बरोबर आहे. खरेदीपासून बिलाच्या शेवटच्या तारखेपर्यंतची बिनव्याजी मुदत ही पूर्ण बिल भरणाऱ्यालाच मिळते. एक रुपया जरी राहिला तरी ती सवलत रद्द, आणि व्याज मोजतात ते खरेदीच्या तारखेपासून पूर्ण रकमेवर, नुसत्या उरलेल्या रकमेवर नाही. तुमचंच घ्या: ३६,००० वर १५ मे ते १ जुलै ४७ दिवस, ६,००० वर २९ दिवस, राहिलेल्या २,००० वर १२ जुलैपर्यंत ११ दिवस. महिना ३.७५ म्हणजे वर्षाला ४५ टक्के, दिवसाला त्याचा ३६५ वा भाग. कॅल्क्युलेटरवर करून बघा, पैशापर्यंत जुळेल. जीएसटी त्यावर १८ टक्के.

पेट्रोललाही भरल्या दिवसापासून व्याज चालू. सगळी थकबाकी मिटेपर्यंत कार्ड कपाटात ठेवा. आणि 'मिनिमम ड्यू' (बिलावर छापलेली किमान रक्कम) भरून लेट फी टळते, व्याज नाही. तो आकडा बिलावर इतका ठळक का छापतात, हे वेगळं सांगायला नकोच.

प्रतिसाद २

दराबद्दल. रिझर्व्ह बँकेने क्रेडिट कार्डाला ठरावीक कमाल दर घातलेला नाही. दर अवाजवी नसावा आणि आधी कळवलेला असावा, एवढंच. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये ३० टक्क्यांच्या वर व्याज ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली होती. सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ ला तो निकाल रद्द केला. त्यामुळे दर बँकेगणिक, कार्डागणिक बदलतो. भावाने एफडी तारण ठेवून कार्ड घेतलंय का, विचारा. बुडायची भीती नसल्याने तिथे बऱ्याचदा दर कमी असतो. तुमचा दर कार्डासोबत आलेल्या बारीक अक्षरांच्या कागदावर असेल. एटीएममधून कार्डाने रोख मात्र कधी काढू नका. तिथे पूर्ण बिल भरणाऱ्यालाही पहिल्या दिवसापासून व्याज, वर फी वेगळी.

धागाकर्ता

दोघांचे आभार. कागदावर मांडलं, २,३२७.६७ तंतोतंत आलं. रागही येतोय आणि शाळेतलं गणित सुटल्यासारखंही वाटतंय. भावाचं कार्ड खरंच एफडीवरचं निघालं, मला कधी बोलला नव्हता!

राहिलेले २,०००, व्याज आणि जीएसटी मिळून ४,७४७ आणि पेट्रोलचे ८०० आत्ताच भरले. १२ जुलैपासून आजपर्यंतचं व्याज पुढच्या बिलात येईलच ना? ते आलं की आकडा इथे टाकतो.

प्रतिसाद १

येईल. आणि तेही पूर्ण भरा, राउंड फिगर नको.