आंब्याच्या ग्राहकांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप: मालकाने दिवसरात्र हजर राहायलाच हवं का?

देवगडची_सून
सरळ मुद्द्यावर येते. आमची देवगड तालुक्यात हापूसची बाग आहे, पेट्या थेट पुण्या-ठाण्याच्या घरी जातात, मधे दलाल नाही. ऑर्डर, चौकशी, तक्रार, कौतुक सगळं एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. परवा धंद्यात मुरलेल्या एका काकांनी सांगितलं की ग्रुप म्हणजे दुकान, मालक गल्ल्यावर पाहिजेच, दोन मिनिटांत उत्तर गेलं नाही की गिऱ्हाईक दुसरीकडे. मला हे अजिबात पटत नाही.

मार्च ते मे तोडणी असते, सकाळी झेला, म्हणजे आंबे उतरवायची जाळीची काठी, घेऊन गडी झाडावर, मग प्रतवारी, पेट्या भरणं, संध्याकाळी गाडी. त्यावर रात्री अकराला "ताई माझी पेटी कुठे पोचली" ला उत्तरं देत बसायचं तर माणूस दोन सीझनमधे थकून सोडून देतो, आमच्या आसपास असे सोडलेले आहेत, परत दलालाकडे माल घालतात आणि पडेल तो भाव घेतात. म्हणून माझं मत, ग्रुपला वेळ ठरवा, रात्री आठनंतर फक्त अ‍ॅडमिन लिहू शकेल ही सेटिंग लावा (२०१८ पासून आहे, वापरत कोणी नाही), पावसाळा लागला की ग्रुप बंदच ठेवा, आणि प्रत्येक उत्तर मालकानेच द्यायचं हा हट्ट सोडा.

उदाहरण देते. एकीने कापलेल्या आंब्याचा फोटो टाकला, साल पिवळीधमक आणि आत कोयीजवळ पांढरट स्पंजसारखा भाग, खाली "सडका माल पाठवला". मी पेट्या भरत होते. मी फोन बघायच्या आधीच एका जुन्या ग्राहक काकूंनी लिहिलं होतं की अहो हा साका, हापूसला होतो, बाहेरून बागायतदारालाही कळत नाही, ताईंना फोटो पाठवा त्या भरून देतात. विषय तिथेच मिटला. चौदा आणे, म्हणजे पूर्ण व्हायला थोडंच बाकी इतका, तयार झालेला आंबा काढला आणि काढल्यावर उन्हात तापू दिला नाही की साका कमी होतो, पण एखादा निघतोच, आणि हे मी स्वतः सांगितलं असतं तर सारवासारव वाटली असती.

हिशोबाला_पक्का
ताई, पैसे आगाऊ घेता ना? मग रात्री अकराला विचारणाऱ्याचं काय चुकलं सांगा. अक्षय्य तृतीयेला घरी पाहुणे आहेत, आमरसाचा बेत ठरलाय, पैसे देऊन बसलाय, पेटीचा पत्ता नाही. त्याला उत्तर देणं ही सर्व्हिस आहे, तिला ग्रुप असं नाव दिलं म्हणून जबाबदारी कमी होत नाही. माझा तर ग्रुपलाच विरोध आहे. एकाची तक्रार सगळे वाचतात, पाच जण "माझाही" म्हणतात आणि तुम्ही दिवसभर तेच निस्तरत बसता. ब्रॉडकास्ट लिस्ट करा, एकच मेसेज प्रत्येकाला वेगवेगळा जातो, ज्याला घ्यायचंय तो वैयक्तिक मेसेज करेल, संपला विषय.

देवगडची_सून
ब्रॉडकास्ट लिस्टमधे २५६ च्या वर माणसं बसत नाहीत आणि ज्याने आपला नंबर सेव्ह केलाय त्यालाच मेसेज जातो, बरेच जण करतच नाहीत.

पण खरं कारण ते नाही. नवीन माणूस येतो तो दोन प्रश्न घेऊनच येतो, देवगडचाच ना आणि कार्बाइडचा नाही ना. हापूसला २०१८ ला जीआय, म्हणजे ठरावीक भागातल्या मालालाच ते नाव वापरता येण्याची नोंदणी, मिळालं तरी कर्नाटकचा आंबा देवगडच्या पेटीत भरून विकणं काही थांबलेलं नाही. कार्बाइड या रसायनाने फळ पिकवायला कायद्याने बंदी आहे, तरी लोकांच्या मनातली भीती जात नाही, आणि ती बरोबरच आहे. आम्ही अढी लावतो, म्हणजे गवतात थर रचून आंबे पिकवतो, हे मी शंभरदा लिहिलं तरी ते विकणाऱ्याचं बोलणं. तेच ग्रुपमधली एखादी बाई सांगते की आमच्याकडे पेटी हिरवट आली होती, चार-पाच दिवसांत घरभर वास सुटला, तेव्हा विश्वास बसतो. हे ब्रॉडकास्टमधे कसं होणार?

सातपूरकर
मी छोट्या धंद्यांचे ग्रुप सांभाळायचं काम करते, त्यामुळे थकव्याबद्दल जे लिहिलंय ते शंभर टक्के खरं. पण काकूंवाल्या मुद्द्याला माझा स्पष्ट विरोध. एक तर ग्राहकाला फुकट कामाला लावणं आहे ते. दुसरं, काकू साक्याबद्दल बरोबर बोलल्या, उद्या दुसरं कोणी छातीठोक सांगेल की कच्चे आंबे फ्रीजमधे ठेवा टिकतात. मग ते फळ धड पिकत नाही, बेचव होतं आणि नाव बागेचं जातं. चुकीचं उत्तर रात्रभर तसंच राहणार कारण तुम्ही ग्रुप बंद करून झोपलात, बाकीच्यांना ते खोडताही येणार नाही!

आणि ग्रुपमधे सगळ्यांना सगळ्यांचे नंबर दिसतात हे विसरू नका. मी बघत होते त्या साड्यांच्या एका ग्रुपमधून कोणीतरी नंबर उचलले आणि बायकांना नको ते मेसेज सुरू केले, तो ताप कुठल्याही रात्रीच्या मेसेजपेक्षा मोठा होता. २०२२ च्या शेवटी व्हॉट्सअ‍ॅपने कम्युनिटी आणली, तिच्या घोषणांच्या ग्रुपमधे मेंबरांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. गाडीच्या तारखा वगैरे तिथे टाका, आणि गप्पांचा ग्रुप वेगळा, ज्याला हवाय त्यानेच त्यात यावं.

डोंबिवली_स्लो
मी नुसता खाणारा, विकत नाही काही. ग्राहक म्हणून सांगतो, मला मालकाशी गप्पा नकोत, मला तारीख हवी. गाडी सुटली की एक मेसेज, कुठल्या भागाची पेटी कधी मिळेल एवढंच, रोज ठरल्या वेळी. निम्मे प्रश्न येणारच नाहीत हो. माणूस रात्री विचारतो कारण दिवसभरात त्याला कोणी काही सांगितलेलं नसतं.

पण पावसाळ्यात ग्रुप बंद ठेवायचा हे नाही पटलं. मला तर सीझन नसतानाच बघायचंय की झाडांना खत कधी घातलं, मोहोर कधी आला, तुडतुड्याची कीड पडली का, अवकाळी पावसात किती गेला. हे बघितलेलं असलं की मार्चमधल्या पहिल्या पेटीचा भाव ऐकून मी कटकट करत नाही. आठ महिने गायब आणि सीझन आला की "बुकिंग सुरू", मग मी तुमच्याकडूनच का घ्यावं?

देवगडची_सून
रोजच्या मेसेजचं पटलं, गाडी सुटल्यावर तारीख टाकणं कठीण नाही. पावसाळ्याचं मात्र नाही. तेव्हा भातलावणी असते, बागेत बेणणी, म्हणजे गवत काढणं, असतं, आणि मला दोन महिने फोन हातात घ्यायचा नसतो, ही माझी गरज आहे आणि ती मी लपवणार नाही. मोहोर आला की फोटो टाकू, त्याआधी नाही.

सातपूरकर, काकूंना मी कामाला लावलेलं नाही, त्यांना ते आवडतं. त्यांच्याशी बोलून अढी, साका, फ्रीज या गोष्टी एकदाच लिहून ग्रुपवर पिन करता येतील, म्हणजे चुकीचं कोणी सांगितलं तरी बरोबर काय ते वरच दिसेल. नंबरांचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता, घोषणांचा ग्रुप वेगळा करणार.

हिशोबाला_पक्का
पिन वगैरे ठीक. पण आठला बंद? कल्याण-डोंबिवलीचा माणूस साडेआठला लोकलमधून उतरतो, पेटी उघडतो नऊला. खराब आंबा त्याला तेव्हा दिसणार आणि नेमका तेव्हा तुमचा दरवाजा लागलेला. दुपारी बंद ठेवा वाटल्यास, रात्री नको. आणि तक्रारीसाठी एक माणसाचा नंबर पेटीवर छापा, त्यावर फोन उचलला गेलाच पाहिजे.

देवगडची_सून
वेळ बदलू, संध्याकाळी सात ते साडेनऊ उघडा आणि दुपारभर बंद. फोन नंबर नाही छापणार. फोटो पाठवा, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उत्तर मिळेल, आंबा खराब असेल तर पुढच्या पेटीत भरून देऊ, हे पेटीवर छापते. रात्री दहाला फोनवर ओरडून घेतल्याने तो आंबा काही पिकणार नाहीये.

हिशोबाला_पक्का
आणि ज्याची ती सीझनची शेवटची पेटी असेल त्याला पुढची कुठली? त्याला पैसे परत, तेही त्याच आठवड्यात. एवढं छापणार असाल तर रात्रीचा फोन बंद ठेवा, माझी हरकत नाही.