एमएल इंजिनिअरने ओपन सोर्समध्ये शिरायचं कुठून?

निवांत_नोटबुक: नमस्कार मंडळी, मी एमएल (मशीन लर्निंग) इंजिनिअर, पण आजवरचं सगळं काम कंपनीच्या प्रायव्हेट रेपोत (कोडच्या साठ्यात), त्यामुळे गिटहबवर (लोक कोड ठेवतात ती साइट) दाखवायला काहीच नाही. आता जॉब बदलायचाय आणि जो तो सांगतोय ओपन सोर्स कर, म्हणजे सगळ्यांना खुल्या असलेल्या कोडमध्ये भर घाल. साइकिट-लर्न या एमएल लायब्ररीचे 'गुड फर्स्ट इश्यू' (नवख्यांसाठीची सोपी कामं) बघितले तर प्रत्येकाखाली आधीच 'मी घेऊ का' वाल्यांची रांग. म्हणून एका नव्या पेपरमधला क्लस्टरिंग (सारखा डेटा गटात लावणारा) अल्गोरिदमच त्यात लिहून टाकावा म्हणतोय. की सरळ स्वतःची लायब्ररी काढू? फायदा होतो का खरंच, की नुसते वीकेंड वाया?

खटपट्या: नव्या अल्गोरिदमचं डोक्यातून काढा. साइकिट-लर्नच्या एफएक्यूमध्येच आहे, पेपर येऊन निदान 3 वर्षं, 200 च्या वर सायटेशन्स (दुसऱ्या पेपरांत उल्लेख), वर लोक तो वापरतायत हेही दिसायला हवं. बरोबरच आहे म्हणा, टाकणारा टाकून मोकळा, पुढे निस्तरायचं लायब्ररी सांभाळणाऱ्या मेंटेनरने. एचडीबीस्कॅनसारखी गोष्टसुद्धा (तोही क्लस्टरिंग अल्गोरिदमच) कितीतरी वर्षं वेगळी लायब्ररी होती, 2023 मध्ये 1.3 व्हर्जनला आत आली.

रात्रपाळी_जीपीयू: इश्यू शोधत फिरूच नका, तुमच्या रोजच्या कामात जी लायब्ररी त्रास देते तिथेच हात घाला. आमच्याकडे एका छोट्या लायब्ररीचं मॉडेल एफपी16 वर (16 बिटांच्या आकड्यांवर) टाकलं की लॉस (मॉडेलच्या चुकीचं माप) मध्येच नॅन (आकडाच नाही असं उत्तर) व्हायचा, सगळे लर्निंग रेटला (शिकण्याच्या वेगाला) दोष देत बसलेले. निघालं काय तर अटेंशन मास्कमध्ये (मॉडेलने कुठे बघायचं नाही हे सांगणारा भाग) उणे 1 वर 9 शून्यं असा आकडा हार्डकोड केलेला, आणि एफपी16 ची मजल 65504 पर्यंतच, म्हणजे त्याचं होतं उणे इन्फिनिटी, मग एखादी ओळ अख्खी पॅडिंगची (लांबी सारखी करायला भरलेली रिकामी जागा) आली की सॉफ्टमॅक्समध्ये (आकड्यांचे वाटे करणारं गणित) शून्य भागिले शून्य. कलीगने दहाबारा ओळींचा कोड दिला जो कुठेही चालवला तरी नॅन येतो, दुरुस्ती एका ओळीची, डीटाइपला (आकड्याच्या प्रकाराला) मावेल तो सगळ्यात मोठा उणे आकडा घ्यायचा, आणि सोबत टेस्ट. लगेच मर्ज, म्हणजे मूळ कोडमध्ये सामील. इंटरव्ह्यूत त्याला याच्यावरच खोदून खोदून विचारलं, बाकी रिझ्युमे कोणी उघडलाही नाही.

कलमबहाद्दर: सगळं ठीक पण आधी ऑफर लेटर काढून वाचा. बऱ्याच करारांत नोकरीत असताना लिहिलेला कोड कंपनीचा असं कलम असतं, घरी बसून लिहिला तरी. मॅनेजरकडून मेलवर लेखी घ्या, तोंडी 'कर रे' ला काही अर्थ नाही. शिवाय पायटॉर्चसारख्या एमएल लायब्ररीत पीआर (पुल रिक्वेस्ट, कोड बदलाचा प्रस्ताव) टाकला की सीएलए (कोड देणाऱ्याचा करार) सही करायला लागतं, तिथे तुम्ही सांगताय की हा कोड द्यायचा हक्क मला आहे. आणि फायद्याचं म्हणाल तर सगळीकडे बघतातच असं नाही हं, खूप ठिकाणी कोडिंग राउंडच्या पलीकडे गिटहबची लिंक कोणी क्लिकही करत नाही.

निवांत_नोटबुक: धन्यवाद सगळ्यांना. एक डेटा लोडरची (मॉडेलला डेटा पुरवणारा भाग) कटकट आहे खरी, वर्कर (समांतर चालणाऱ्या प्रोसेस) वाढवले की मेमरी चढतच जाते. पण कंपनीचा डेटा न दाखवता इश्यू कसा टाकू?

रात्रपाळी_जीपीयू: रँडम आकड्यांची मोठी लिस्ट घेऊन करून बघा. त्यातही मेमरी चढली तर तुमच्या डेटाचा संबंधच नाही. पण आधी जुने इश्यू चाळा, पायथॉनच्या लिस्टवर हे होतंच, फोर्क झालेला (मूळ प्रोसेसची नक्कल म्हणून सुरू झालेला) वर्कर ऑब्जेक्टला नुसता हात लावतो तरी रेफरन्स काउंट (तो किती ठिकाणी वापरात आहे ती मोजणी) बदलतो आणि मेमरीची पानं कॉपी होत जातात. लिस्टऐवजी पायथॉनच्या नमपाय लायब्ररीचा अ‍ॅरे करून बघा, मेमरी चढायची थांबली तर बग नाहीये तो. तरी डॉक्समध्ये ते नीट लिहिलेलं नसेल तर तोच तुमचा पहिला पीआर.