फक्त डायबेटिस-बीपीमुळे नाही
जाड माणसांना डायबेटिस-बीपी असतं म्हणून कोविड जड जातो, नुसत्या वजनाचा संबंध नाही, असं म्हटलं जातं ते अर्धंच बरोबर आहे. २००९ च्या स्वाइन फ्लूतच दिसलं होतं की बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचं माप) ४० च्या वर असलेल्यांना दुसरा जुना आजार नसला तरी अ‍ॅडमिट करायची वेळ जास्त येत होती. पोटाची चरबी डायफ्रॅमला (फुफ्फुसांखालचा श्वासाचा स्नायू) वर ढकलते, आडवं झालं की अजूनच, मग फुफ्फुसाचा खालचा भाग नीट फुगतच नाही.

माझ्या भावाच्या कोविडच्या वेळी हे डोळ्यांनी पाहिलंय, उताणा झोपला की ऑक्सिमीटर ९३ वरून ८९, पाठीशी उशा लावून बसवला की थोड्या वेळात परत वर, रात्रभर हेच, शेवटी पहाटे अ‍ॅडमिट केला. त्या रात्रीआधी आम्ही रीडिंग फक्त बसवूनच घेत होतो.